गुडघ्यावर उभं घर

सर्बियातल्या ओराशे गावात प्रत्येक माणसाला दोन घरं असतात. एक तीन मजली, रस्त्याकडे तोंड करून उभं. आणि दुसरं त्याच्या पाठीमागे, एका खोलीचं, ज्यात माणसं राहतात. पहिल्याला घर म्हणतात आणि दुसऱ्याला उन्हाळी स्वयंपाकघर. नाव उन्हाळी, पण चूल बारा महिने तिथंच पेटते. मोठं घर मुलांसाठी असतं. मुलं व्हिएन्नाला नाहीतर श्टुटगार्टला असतात. ती पैसे पाठवतात, बाप मजले चढवतो, आणि संगमरवराला चिखल लागू नये म्हणून आईबाप मागच्या खोलीत झोपतात. मुलं ऑगस्टमध्ये येतात, सोफ्यावरचं प्लॅस्टिक न काढता त्यावर बसतात आणि परत जातात. यात काही वावगं आहे असं गावात आजवर कुणाला वाटलेलं नाही.

जिवादिन मिलोयकोविचचं घर या सगळ्यांत उंच होतं आणि तो ते कुणाला विसरू देत नसे. इतरांची पोरं परदेशात फरशा बसवायची, बस चालवायची, म्हाताऱ्यांना आंघोळ घालायची. जिवादिनचा वुकाशिन फुटबॉल खेळायचा. म्हणून फाटकावरचे सिमेंटचे दोन सिंह इतरांच्या सिंहांसारखे नुसते बसलेले नव्हते. उजव्या सिंहाच्या पंजाखाली चेंडू होता. गवंड्याने तो जरा हात सैल सोडून केला होता, त्यामुळे सिंह कलिंगड राखत बसलाय असं वाटायचं. पण तसं म्हणायची हिंमत गावात कुणाची नव्हती, निदान जिवादिनच्या तोंडावर.

वुकाशिन बचावफळीत खेळायचा. अंगाने थोराड, स्वभावाने गरीब, आणि समोरच्याचा पाय चेंडूच्या आधी सापडेल इतपत चपळ. बेलग्रेडच्या एका क्लबाने त्याला पोरवयात उचलला, दोन हिवाळे बाकावर बसवला आणि बोस्नियात पाठवून दिला. बोस्निया परदेश धरायचा की नाही यावर पुलाजवळच्या काफान्यात, गावच्या त्या गुत्त्यात, राकिया या फळांच्या दारूच्या साक्षीने बराच वाद झाला आणि नाही असं ठरलं. मग सायप्रस. सायप्रस धरला. मग बेल्जियम, दुसरा विभाग. जिवादिनने त्या वर्षी दुसरा मजला चढवला आणि काफान्यात सांगताना ‘दुसरा’ हा शब्द मजल्यापुरता ठेवला, विभागाचा गाळून टाकला. त्यानंतर कझाकस्तान, व्हिएतनाम, मग पुन्हा कझाकस्तान, पण आणखी आतल्या बाजूला. नकाशावर बोट ठेवलं तर पोरगा पुढे पुढे चाललाय यात शंका नव्हती. फक्त मैदानाभोवतीची माणसं कमी होत गेली आणि मैदानातलं गवत वाढत गेलं.

ओराशेत कुणाचं कसं चाललंय हे विमानं बदलण्यावरून कळतं. एकाच विमानात पोचतो तो मजूर. वाटेत एकदा विमान बदलतो तो कारागीर. दोनदा बदलणाऱ्याच्या बापाला काफान्यात खिडकीजवळची खुर्ची मिळते, आणि ती खुर्ची कित्येक वर्षं जिवादिनकडे होती. तिथं बसून तो कझाकस्तानच्या हवामानाविषयी असा बोलायचा, की जणू पहाटे स्वतः उठून तिथला बर्फ झाडून आलाय.

संत निकोला हा मिलोयकोविच कुळाचा संत. त्याचा दिवस म्हणजे त्यांची स्लावा, आणि ती डिसेंबरात, नाताळापूर्वीच्या ऐन उपासात येते, म्हणून त्या दिवशी मटण चालत नाही, मासा चालतो. हा संत इतक्या घरांनी वाटून घेतलाय की त्या दिवशी अर्धा सर्बिया यजमान असतो आणि उरलेला अर्धा पाहुणा. कझाकस्तानातला खेळ बर्फामुळे तोवर बंद होतो, म्हणून वुकाशिन दरवर्षी स्लावेला घरी असायचा. या वर्षीही तो आला. पण दरवर्षी त्याच्याकडे एक बॅग असायची, आणि या वेळी सामान बसच्या पोटातून काढायला ड्रायव्हरला खाली उतरावं लागलं. त्याची आई देसांका हिने सामानात तवा पाहिला, दोन उशा पाहिल्या, आणि दोन्ही उशा उन्हात टाकल्या.

स्लावेच्या सकाळी जिवादिन उन्हाळी स्वयंपाकघरात आरशासमोर कॉलरचं बटण लावत होता. चुलीवर माशाचं सूप उकळत होतं. देसांका कार्प माशाच्या तुकड्यांना पीठ लावत होती. वुकाशिन खाटेच्या कडेवर पाय लांब करून बसला होता.

“बाबा,” तो म्हणाला, “मी आता जाणार नाही.”

“नको जाऊस. चर्चमधून स्लावेचा पाव मी आणलाय सकाळीच.”

“चर्चचं नाही म्हणत. खेळायचं. ते संपलं. मी आता इथंच राहणार.”

बापाने अशा वेळी का म्हणून विचारायला हवं. जिवादिनला मात्र दुसराच प्रश्न आधी सुचला.

“कुणाला सांगितलंस?”

“आईला.”

“आई म्हणजे कुणी नाही. बाहेर कुणाला?”

“मी कुणी नाही ना,” देसांका मागे न वळता म्हणाली, “मग हा मासाही कुणी तळणार नाही.”

जिवादिनने बटण सोडून दिलं. “राहणार म्हणजे कुठं राहणार?”

“घरात.”

“कुठल्या घरात?”

वुकाशिनने खिडकीतून हात केला. बाहेर तीन मजले, त्यांचे कठडे, खांब, सगळं सकाळच्या उन्हात चकचकत होतं. जिवादिनने तिकडे पाहिलं, मग पोराकडे पाहिलं.

“तिथं? तिथं कोण राहतं?”

“कुणीच नाही. म्हणून तर.”

“अरे, ते राहायचं घर नाही,” जिवादिन कळवळून म्हणाला, “ते तुझं घर आहे.”

हे म्हणताना आपण काही विचित्र बोललो असं त्याला वाटलं नाही. त्याला वाटली ती भीती. आज अख्खं गाव येणार. स्लावेला कुणाला बोलवावं लागत नाही आणि कुणाला घालवता येत नाही. आणि वुकाशिनचा कुम, म्हणजे धर्मपिता, तिहोमिर येणार होता, काहीतरी बातमी घेऊन. त्याने फोनवर आठवडाभर नुसतं खाकरून खाकरून सांगितलं होतं की मोठं काम आहे, समोरासमोर बोलू.

“आजचा दिवस तोंड मीट,” जिवादिन म्हणाला. “पाहुण्यांच्या घशाखाली दोन घास जाऊ देत. उद्या सांगू. नाहीतर ईस्टरला सांगू.”

“मी होऊन सांगणार नाही. पण कुणी सरळ विचारलं तर खोटं बोलणार नाही.”

“अरे, विचारणारच ना सरळ. दुसरं विचारतात काय इथं?”

आणि तसंच झालं. मिलोयकोविचांची स्लावा मोठ्या घराच्या तळमजल्यावर, गॅरेजात व्हायची. गॅरेज तीन गाड्यांचं होतं. जिवादिनची म्हातारी झास्तावा गाडी त्या दिवशी बाहेर काढून अंगणात उभी करायची, म्हणजे पांढऱ्या फरशीवर लांबलचक टेबल मांडता यायचं. मध्यभागी मेणबत्ती, साखर घातलेले शिजवलेले गहू, लाल वाईन. येणारा प्रत्येक जण आधी चमचाभर गहू तोंडात टाकायचा, छातीवर क्रूस काढायचा, राकियाचा पेला उचलायचा आणि वुकाशिनला विचारायचा, “कधी आलास, कधी जाणार?”

परदेशातून आलेल्या माणसाला ओराशेत एवढंच विचारतात. कसा आहेस हे कुणी विचारत नाही, कारण परदेशात आहे म्हणजे बराच असणार.

“परवा आलो,” वुकाशिन म्हणायचा, आणि तो पुढचं बोलणार एवढ्यात जिवादिन मध्ये घुसायचा. “पेला रिकामा कसा? वाढ रे यांना. सूप आणा. दार लावा, वारं लागेल.” स्लावेच्या दिवशी यजमानाने बसायचं नसतं, दिवसभर उभं राहून वाढायचं असतं. जिवादिन त्या दिवशी नुसता उभा नव्हता, तो धावत होता. पाद्री गावरिलोंनी हा प्रश्न विचारायला तोंड उघडलं तेव्हा जिवादिनने त्यांच्या तोंडात अक्षरशः बीन्सचा चमचा दिला. कुणी म्हणालंही, “जिवादिनच्या अंगात आज विशीतलं पोर आलंय.”

शेजारच्या मिलुन्काचं मात्र समाधान झालं नाही. तिचा मुलगा व्हिएन्नात. तिचं घर दोन मजल्यांवर येऊन थांबलेलं. ती म्हणाली, “या खेपेला सामान बरंच आणलंस म्हणे. उशासुद्धा.”

“तिकडच्या उशा चांगल्या असतात,” जिवादिन म्हणाला.

“कझाकस्तानच्या?”

“मेंढीची लोकर. तुला नाही कळायचं.”

दुपारी कुम तिहोमिर आला. जिवादिनच्या लग्नात साक्षीला तोच उभा होता आणि बाप्तिस्म्याला वुकाशिनला हातावर त्यानेच घेतलं होतं. असा कुम सख्ख्या भावाच्या वर. आकाशात देव आणि जमिनीवर कुम, असं इथं म्हणतात. आणि देवाला एखाद वेळी नाही म्हणता येतं, कारण तो समोर बसून मासा खात नसतो. तिहोमिर आयुष्यभर जर्मनीत मालट्रक चालवून पेन्शनीत आला होता. आल्यापासून त्याच्याकडे दोन फोन होते आणि तो स्वतःला वुकाशिनचा एजंट म्हणवून घेत असे. वुकाशिनचे बहुतेक क्लब वुकाशिनने स्वतः शोधले होते, पण कुमाने ते मनावर घेतलं नव्हतं.

तो टेबलाच्या टोकाला बसला, दोन्ही फोन ताटाच्या दोन बाजूंना काट्याचमच्यासारखे मांडले आणि सगळे गप्प होईपर्यंत थांबला.

“क्लब मिळालाय,” तो म्हणाला. “बेटावर.”

“कुठल्या?” पाद्रींनी विचारलं.

“नाव लांबलचक आहे. समुद्र आहे. नारळ आहेत. राहायला जागा, वर गाडी. आणि,” त्याने बोट वर केलं, “वाटेत तीन विमानं बदलावी लागतात.”

तीनदा बदलणारा ओराशेत आजवर झालेला नव्हता. जिवादिनच्या हातातला वाईनचा जग थांबला. सकाळचं सगळं बोलणं त्याच्या डोक्यातून वाफेसारखं उडून गेलं. खिडकीजवळची खुर्ची कसली, त्या काफान्याला आता त्याचं नाव द्यायची वेळ आली होती.

“डॉक्टरची तपासणी?” कुणीतरी विचारलं.

“नाहीच,” तिहोमिर अभिमानाने म्हणाला. “मी बोललोय ना. म्हणाले, श्वास घेतो ना? बस झालं. सोमवारी निघायचं. मी शब्द दिलाय.”

सगळ्यांनी टेबलावर हात आपटले. वुकाशिन उठला. “कुम, तू माझ्यासाठी धडपडलास, उपकार आहेत तुझे. पण मी...”

“पण त्याआधी चांगली वाईन,” जिवादिन ओरडला. “अशी बातमी या वाईनवर साजरी करायची? वर जा रे. तिसऱ्या मजल्यावर, तुझ्या खोलीत पेटी आहे, इटलीची. जा.”

वुकाशिनने बापाकडे क्षणभर पाहिलं आणि गेला. जिवादिनला हायसं वाटलं. तेवढ्या वेळात पाहुणे दोन पेले आणखी रिचवतील, मग त्यांना काय ऐकू येतंय आणि काय नाही.

पेले रिचवून झाले. वुकाशिन आला नाही. कुमाने भाषणाची तयारी केली, ती मोडून माशाचा आणखी एक तुकडा घेतला आणि पुन्हा तयारी केली. “पोरगा वाईन आणायला इटलीला गेला काय?” असा विनोदही होऊन गेला. तेव्हा जिवादिन हातातलं फडकं खांद्यावर टाकून बघायला निघाला.

जिन्याचा त्याला फार अभिमान होता. पांढरा संगमरवर, पितळी कठडा, आणि पायऱ्या गुळगुळीत ठेवायच्या म्हणून त्यावर कधी काही अंथरलं नव्हतं. तो पहिल्या वळणाशी पोचला आणि तिथंच थांबला.

वुकाशिन वरून उतरत होता, पाठमोरा. तो आधी पेटी वरच्या पायरीवर ठेवायचा, दोन्ही हातांनी कठडा धरायचा, उजवा पाय ताठच ठेवून आधी तो खालच्या पायरीवर सोडायचा, मग डावा त्याच्याजवळ आणायचा, दम खायचा, आणि पेटी एक पायरी खाली घ्यायचा. देसांकाची आई शेवटच्या वर्षी अशी उतरायची, ती तर नव्वदीची होती. वुकाशिनला पस्तिशीसुद्धा लागली नव्हती. मान घामाने भिजली होती. आपल्याला कुणी बघत नाही अशा समजुतीत तो हळू आवाजात पायरीला शिव्या देत होता.

“कधीपासून?” जिवादिनने विचारलं.

वुकाशिन दचकला, मग पायरीवरच बसला. “व्हिएतनामपासून.”

“व्हिएतनामपासून? अरे, त्यानंतर तर तिसरा मजला झाला.”

“हो. तू म्हणालास, दोन मजले काय, बसवाल्याच्या बापानेही बांधलेत. मग मी कझाकस्तान घेतलं. ते इंजेक्शन देऊन खेळवायचे.”

“मला सांगायचं होतंस.”

“सांगितलं होतं की. फोनवर. तू म्हणालास, राकिया चोळ आणि कोबीचं पान बांध.”

जिवादिनला ते आठवलं. त्याला हेही आठवलं की तो फोन आला तेव्हा तो संगमरवराचा रंग निवडत होता आणि पोराशी बोलणं घाईघाईने आटपून त्याने दुकानदाराला पांढरा म्हणून सांगितलं होतं. त्याला लाज वाटली. आयुष्यात त्याला लोकांसमोर पुष्कळदा लाज वाटली होती, पण एकट्या पोरासमोर अशी कधी वाटली नव्हती, आणि ती कुठं ठेवावी हे त्याला कळेना. त्याने पेटी उचलली. “तू सावकाश ये,” तो म्हणाला आणि खाली गेला.

गॅरेजात कुम पेला उंचावून उभाच होता. “आला. तर मग, आपल्या वुकाशिनच्या नावाने, बेटाच्या नावाने...”

“कुम,” जिवादिन म्हणाला, “तो जाणार नाही.”

“सोमवारी नको तर मंगळवारी.”

“मंगळवारीही नाही. तो इथं राहणार आहे. घरात.”

सगळ्यांनी पेले खाली ठेवले. पहिल्यांदा पाद्री बोलले, आणि ते त्यांच्या थडग्यापाशी काढायच्या आवाजात बोलले. “देवाच्या मनात असेल ते खरं.”

“आजारी आहे का?” कुणीतरी कुजबुजलं.

“पोलिसांचं काही असेल.”

“बाई असणार,” मिलुन्का म्हणाली. “उशा दोन होत्या.”

तेवढ्यात वुकाशिन दारातून आत आला. लोक एकेक करून उठले, त्याच्याजवळ गेले, दोन्ही हातांत त्याचा हात घेऊन दाबू लागले. मयताच्या घरी करतात तसं. एका म्हाताऱ्याने त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, “धीर सोडू नकोस, लेकरा. माझ्या चुलतभावाचा मुलगाही असाच परत आला होता. सावरला तो. पुन्हा गेला.”

“मला काही झालेलं नाही,” वुकाशिन म्हणाला. “गुडघा गेलाय. आणि मला घरी राहायचंय.”

“बघा, बोलतोय अजून शहाण्यासारखं,” म्हातारा हळहळला.

कुम तिहोमिर मात्र उठला नव्हता. त्याचा चेहरा लाल झाला होता. “जिवादिन,” तो म्हणाला, “मी शब्द दिलाय. तू मला नाही म्हणतोयस? कुमाला? स्लावेच्या दिवशी, मेणबत्ती जळत असताना?”

“अरे, नाही असं नाही...”

“या पोराला मी या हातांवर घेतलंय.”

“घेतलंस. तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे चांगले होते.”

“गुडघ्याचं काय घेऊन बसलास? एका सीझनचा प्रश्न. बाकावर बसायला गुडघा लागतो का? बसेल, नारळ पिईल, येईल. एक सीझन, जिवादिन. मग खुशाल ठेव घरात, काचेच्या कपाटात ठेव.”

जिवादिनने मान खाली घातली. जिन्यावरची लाज अजून ताजी होती, पण कुमाचा शब्द त्याहून जुना होता. आणि खरं सांगायचं तर ती तीन विमानं अजून त्याच्या डोक्यात घिरट्या घालत होती. वुकाशिन त्याच्याकडे बघत होता. तो काहीच बोलला नाही. आजवर कुठल्या मजल्याच्या वेळी बोलला होता?

“म्हणजे,” जिवादिन चाचरत म्हणाला, “बाकावरच बसायचं असेल... आणि खरोखर एकच सीझन असेल, तर...”

त्याच क्षणी अंगणाकडचं दार उघडलं आणि देसांका आत आली. तिच्या हातात तबकभर कॉफीचे कप होते.

हे काय झालं ते कळायला गॅरेजाला जरा वेळ लागला. स्लावेला सूप येतं, मासा येतो, बीन्स येतात, अक्रोडाचं पक्वान्न येतं, गाणी होतात, कुणी रडतं, कुणी कुणाला मिठी मारतं, बाहेर अंधार पडतो आणि सगळ्यात शेवटी कॉफी येते. कॉफी आली की पाहुण्याने टोपी शोधायची. ‘आता निघा’ हे शब्द ओराशेत कुठल्याही बाईने कधी उच्चारलेले नाहीत, कारण त्यासाठी कॉफी आहे. आणि आज बाहेर लख्ख ऊन होतं. निम्मा मासा ताटांत पडला होता. पक्वान्नाला सुरी लागली नव्हती.

देसांकाने पहिला कप कुमासमोर ठेवला.

“देसांका,” कुम म्हणाला, “आम्ही अजून मासा खातोय.”

“खा की सावकाश. कॉफी तेवढी गार होईल.”

“चुकून आणलीस का?”

“चाळीस वर्षं या घरात कॉफी करतेय,” ती म्हणाली आणि पुढचा कप पाद्रींसमोर ठेवला.

पाद्रींनी ती उभ्यानेच प्यायली. बाकीच्यांनीही. जीभ पोळून घेतली, पण कुणी फुंकर मारत बसलं नाही. मिलुन्काने जाता जाता पक्वान्नाचे दोन तुकडे रुमालात बांधले, कारण राग वेगळा आणि अक्रोड वेगळे. कुम तिहोमिरने कॉफीला हात लावला नाही. त्याने टोपी घेतली, दोन्ही फोन दोन खिशांत घातले आणि दारात थांबून म्हणाला, “हे गाव विसरणार नाही.” त्यात मात्र तो बरोबर होता.

गॅरेज रिकामं झालं. जिवादिन हातात जग घेऊन भरलेल्या टेबलापाशी उभाच होता. कुणाला वाढायचं ते त्याला कळत नव्हतं.

“बस आता,” देसांका म्हणाली.

“आज बसत नाहीत.”

“पाहुणे गेले. बस.”

तो बसला. वुकाशिनने त्याच्यापुढे माशाचं ताट सरकवलं, आणि तिघंही जेवले. जिवादिनला भूक लागली होती हे त्याला तेव्हाच समजलं.

मग राहण्याचा प्रश्न निघाला. घरात खोल्या भरपूर, पण एकूणएक वर. तळमजल्यावर तीन गाड्यांची जागा होती आणि एका माणसाची नव्हती. वुकाशिनला रोज तो जिना चढवायचा म्हणजे बेटावर पाठवलेलं काय वाईट होतं.

“तो खाली आपल्या खोलीत,” देसांकाने ठरवून टाकलं. “आपण वर.”

“आपण?” जिवादिनचे डोळे विस्फारले. “वर? आपण वर जाऊन करणार काय?”

“झोपणार.”

“त्या पलंगावर? त्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही.”

“मग काढू.”

तिने ते कात्रीने टराटरा फाडलं, आणि जिवादिनने तोंड फिरवून घेतलं. नंतर एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी नव्हतं, कारण पाईप तिथवर आणलेलाच नव्हता. भिंतीवरचे पांढरे रेडिएटर नुसतेच टांगलेले होते, ते कशालाही जोडलेले नव्हते. तिसऱ्या मजल्यावर धुराडं होतं, पण ते छतापासून वर सुरू व्हायचं. गवंड्याला फोन केला तेव्हा तो प्रामाणिकपणे चकित झाला. “राहायचं होतं होय?” तो म्हणाला. “आधी बोलायचं ना, जिवादिनकाका. मी बघण्याचं घर बांधलं.”

काफान्यात खिडकीजवळच्या खुर्चीत आता एका नर्सचा बाप बसतो. तिला नॉर्वेला जाताना दोन विमानं बदलावी लागतात. जिवादिन पहिले काही दिवस त्या बाजूला फिरकलाच नाही. कुम रस्त्यात भेटला तर टोपीला हात लावतो, पण टोपी काढत नाही. ते जिवादिनला लागतं, अजूनही लागतं.

जानेवारीत, थंडी ऐन भरात असताना, एका सकाळी जिवादिन ओव्हरकोट घालून तिसऱ्या मजल्याच्या सज्जात आला. इथून दिसणाऱ्या देखाव्याचं त्याने आजवर शेकडो वेळा वर्णन केलं होतं, पण इथं उभा राहून तो त्याने कधी पाहिला नव्हता. खाली सगळं गाव होतं. नदीपर्यंत घरंच घरं, उंच, रंगीत, खांबांची, आणि सगळ्यांच्या खिडक्यांवर पडदे ओढलेले. धूर निघत होता तो त्यांच्या पाठीमागून, बुटक्या एकेक खोल्यांतून. कुणाची पाठ, कुणाचे खांदे, कुणाची मनगटं या भिंतींत गेली असतील, आणि त्यांच्याही बापांनी फोनवर कोबीचं पान बांधायला सांगितलं असेल, असं त्याच्या मनात आलं. त्याला सगळ्यांचीच कीव आली, आणि सगळ्यांत जास्त स्वतःच्या शहाणपणाची.

खाली अंगणात वुकाशिन लाकडं घेऊन चालला होता. सपाट जमिनीवर तो इतका लंगडत नव्हता. चालता चालता काहीतरी गुणगुणत होता, सूर पार चुकलेला होता.

मिलुन्का दुधाची बरणी घेऊन रस्त्याने येत होती. तिने सहज मान वर केली आणि जागच्या जागी थांबली. मोठ्या घराच्या सज्जात माणूस दिसला की एकतर चोर असतो नाहीतर ऑगस्ट असतो.

“जिवादिन?” तिने हाक मारली. “वर काय करतोयस? छत गळतंय का?”

“नाही.”

“मग?”

“राहतोय.”

मिलुन्काने क्रूस काढला. ती जायला निघाली, दोन पावलं गेली आणि परत फिरली. तिने आपल्या दोन मजल्यांकडे एकदा पाहून घेतलं आणि आवाज खाली आणून विचारलं, “आणि कसं असतं रे वर?”

जिवादिनने थोडा विचार केला. तिच्याशी खोटं बोलायची त्याला इतक्या वर्षांची सवय होती.

“थंडी मरणाची आहे,” तो म्हणाला. “पण पोरगा खाली आहे.”